हातातली वायर सोडताना: मॉडेल रेल्वेच्या वायरलेस थ्रॉटलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा लेआउट सोलापुरात, गच्चीवरच्या खोलीत आहे. तीन भिंतींना लागून फळी, एचओ प्रमाण (१:८७), एक जंक्शन आणि एक छोटं यार्ड. जंक्शन मनातल्या मनात कुर्डुवाडी आहे, म्हणून एका कडेला जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज (अरुंद रुळांचा) फाटाही आहे. खोलीत येणारा माणूस आधी गाडी बघतो, मग माझ्या हातातला फोन बघतो, आणि प्रश्न तिथून सुरू होतात. घरी गेल्यावर तेच प्रश्न व्हॉट्सॅपवर येतात, बहुतेक रात्री अकरानंतर. ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा जमेल तितकी तशीच ठेवली आहे. सोपे प्रश्न आधी, चकवणारे नंतर. एकदा सांगितलेलं परत सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वायरलेस म्हणजे रुळाखालच्या वायरीपण गेल्या का?

नाही. वायर सुटते ती फक्त तुमच्या हाताची. थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा वेग आणि दिशा ठरवणारा हातातला कंट्रोलर. वायरलेस केल्यावर त्याचा हुकूम हवेतून कमांड स्टेशनपर्यंत, म्हणजे रुळांवर हुकूम पाठवणाऱ्या पेटीपर्यंत जातो. तिथून पुढचा प्रवास जुनाच: वायर, रूळ, चाकं, डिकोडर (इंजिनातली, हुकूम ओळखणारी चिप), मोटर. रुळाखालचं वायरिंग कच्चं असेल तर वायरलेस करूनही ते कच्चंच राहील. हे एवढं लक्षात ठेवलं तर खालचे निम्मे प्रश्न पडायचेच नाहीत. याला एकच अपवाद आहे, तो प्रश्न १६ मध्ये.

२. कंट्रोलर टेबलावर एका जागी असला तर बिघडलं काय?

लेआउट चार बाय तीन फुटांचा असेल आणि स्टुलावर बसून सगळीकडे हात पोचत असेल, तर काहीच बिघडलं नाही. पैसे डब्यांवर घाला.

लेआउट भिंतीच्या कडेने पसरला की मात्र गोष्ट बदलते. यार्डात डबे कापायचे-जोडायचे असतात तेव्हा डोळे कपलरपाशी लागतात आणि कंट्रोलर मात्र दहा फुटांवर असतो. तिथून अंदाजाने ढकललं की डबा सांध्यावरून खाली. वायरलेस थ्रॉटल घेऊन तुम्ही गाडीच्या बरोबरीने चालता, तिच्याच वेगाने. दोघं असाल तर दोघांच्या हातात दोन गाड्या, आणि मग समोरासमोर आल्यावर कोणी थांबायचं यावरून जी हुज्जत होते ती या छंदातली सगळ्यात मजेची गोष्ट आहे.

३. माझ्याकडे गोल नॉबचा साधा डीसी सेट आहे. त्यावर होतंय का?

होतं, पण मर्यादेत. डीसीमध्ये रुळांवर जेवढे व्होल्ट, तेवढा वेग. त्या रुळांवरची सगळी इंजिनं एकदम पळतात आणि एकदम थांबतात. नॉबच्या जागी मोटर ड्रायव्हर आणि वायफाय किंवा ब्लूटूथचं छोटं बोर्ड बसवून तोच नॉब फोनवर आणता येतो. प्रश्न ५ मधल्या डीसीसी-ईएक्समध्येही ट्रॅकमॅनेजर नावाची सोय आहे, तिने एखादा रूळ डीसीवर चालवता येतो. पण दोन गाड्या एकाच रुळावर वेगवेगळ्या चालवायच्या असतील तर डीसीसीला (डिजिटल कमांड कंट्रोल, प्रश्न ४) पर्याय नाही.

बदलायचं ठरवलंत तर दोन गोष्टी जपा. डिकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळांवर उभं ठेवू नका. मोटर गुणगुणते, तापते, आणि कोअरलेस मोटर असेल तर लवकर जळते. दुसरं, जुना डीसी पॅक आणि डीसीसी स्टेशन एकाच लेआउटला एकाच वेळी जोडलेलं ठेवू नका. मध्ये इन्सुलेटेड जॉइनर (वीज पुढे न जाऊ देणारा रुळांचा जोड) घातला असला तरी गाडीचं एक चाक इकडे आणि एक तिकडे आलं की दोन्ही एकमेकांत घुसतात.

४. डीसीसी काय असतं ते दोन वाक्यांत सांगा की.

रुळांवर वीज सतत असते, पण तिची दिशा क्षणाक्षणाला उलटत असते: उलटण्याचा काळ ५८ मायक्रोसेकंद असेल तर तो अंक १, १०० किंवा त्याहून जास्त असेल तर ०. या अंकांमधून ‘तीन नंबरचं इंजिन, पुढे, अमुक वेग’ असे हुकूम सतत वाहत असतात आणि प्रत्येक डिकोडर फक्त आपल्या नंबरचा हुकूम उचलतो.

तिसरं वाक्य तुमच्या खिशासाठी आहे. हे मानक अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेचं आहे, जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेलं, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा डिकोडर कुठल्याही स्टेशनवर चालतो. थ्रॉटलचं मात्र तसं नाही. थ्रॉटल आणि कमांड स्टेशन यांची आपसातली भाषा प्रत्येक कंपनीने आपापली ठेवली आहे. एका कंपनीचा रेडिओ थ्रॉटल दुसऱ्या कंपनीच्या स्टेशनशी बोलत नाही, आणि हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

५. स्वस्तात सुरू करायचं तर काय काय घेऊ?

माझं स्वतःचं डीसीसी-ईएक्सवर चालतं. हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. हार्डवेअर असं लागतं: एक आर्डुइनो मेगा, एक मोटर शील्ड (मेगावर बसून रुळांना वीज देणारं बोर्ड), वायफायसाठी ईएसपी८२६६ बोर्ड, आणि एक चांगला पॉवर अडॅप्टर. थ्रॉटल म्हणून फोन. आर्डुइनोचा धाकटा उनो घेऊ नका. तो स्वस्त पडतो, पण वायफायसकट सगळं मावेल एवढी मेमरी त्यात नाही. एवढी जोडाजोड नको असेल तर ईएक्स-सीएसबी१ नावाचं एकच तयार बोर्ड मिळतं, त्यात वायफाय आधीच असतं.

अडॅप्टरबद्दल जरा सविस्तर, कारण लोक इथे चुकतात. एचओसाठी १४-१५ व्होल्ट डीसी. नेहमीच्या मोटर शील्डमधली एल२९८ चिप दीड-दोन व्होल्ट स्वतःच खाते, म्हणजे रुळांवर १३च्या आसपास पोचतात आणि ते पुरतात. एन स्केलला (एचओहून लहान प्रमाण) १२चा अडॅप्टर पुरे. ही शील्ड साधारण दीड अँपिअरला वीज तोडते. त्यात एचओची दोन-तीन इंजिनं आरामात चालतात. डब्यांत दिवे भरलेत तर हिशेब बदलेल.

आणि जोडण्याआधी शील्डच्या पाठीमागची ‘व्ही-इन कनेक्ट’ची बारीक पट्टी कापा. ती तशीच राहिली तर रुळांसाठीचे १५ व्होल्ट थेट मेगात शिरतात. मेगाला वेगळा यूएसबी चार्जर द्या. मी पहिला मेगा असाच घालवला. वास दोन दिवस खोलीत होता.

सुरू झाल्यावर स्टेशन स्वतःचं वायफाय उभं करतं. फोन त्याला जोडायचा, ॲपमध्ये पत्ता १९२.१६८.४.१ आणि पोर्ट २५६० टाकायचं. घरच्या राउटरला जोडलंत तर पत्ता राउटर देईल. तो रोज बदलू नये म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये या बोर्डासाठी राखून ठेवा.

सोल्डरिंगची भीती असेल, तर रोकोच्या झेड२१सारखा वायफायवाला तयार सेट घ्या. पैसे जास्त जातील, डोकं कमी जाईल. त्यातही पांढऱ्या छोट्या ‘झेड२१ स्टार्ट’ला वायफायसाठी अनलॉक कोड वेगळा घ्यावा लागतो, एवढं खरेदीआधी बघा.

६. घरात आधीच एका परदेशी कंपनीचा वायरवाला डीसीसी सेट आहे. तो फेकून द्यायचा?

अजिबात नको. त्या स्टेशनला संगणक जोडायची सोय, बहुधा यूएसबीचा एक जोड, मिळते का बघा. मग जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जेएमआरआय नावाचं सॉफ्टवेअर टाका. हेही मोफत आहे. त्यात वायथ्रॉटल सर्व्हर सुरू केला की फोन त्याला १२०९० या पोर्टवर जोडले जातात. फोन जेएमआरआयशी बोलतो आणि जेएमआरआय तुमच्या स्टेशनशी त्याच्या भाषेत बोलतो, म्हणजे प्रश्न ४ मधली भाषेची अडचण हा दुभाष्या सोडवतो. अडचण एकच, गाडी चालवायच्या आधी संगणक सुरू होईपर्यंत वाट बघावी लागते. ज्यांना हे नको असतं ते त्या-त्या कंपनीचं स्वतःचं वायफाय उपकरण घेतात.

७. फोन कुठला पाहिजे? आयफोनवर चालतंय का?

अँड्रॉइडवर ‘इंजिन ड्रायव्हर’, मोफत. आयफोनवर ‘वायथ्रॉटल’, त्याची लाइट आवृत्ती मोफत. आयफोनवाल्यांनो, ॲप पहिल्यांदा उघडल्यावर लोकल नेटवर्कची परवानगी मागतं. सवयीने ‘नको’ दाबलंत तर ॲपला स्टेशन कधीच दिसणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी परत द्या.

नवा फोन घेऊ नका. कपाटातला जुना, काच तडकलेला, सिम नसलेला फोन या कामाला सगळ्यात चांगला, का ते प्रश्न १० मध्ये कळेल. इंजिन ड्रायव्हरमध्ये आवाजाच्या बटणांनी वेग कमी-जास्त करता येतो. त्यामुळे स्क्रीनकडे न बघता चालवता येतं.

८. फोन जोडला जातो आणि दोन मिनिटांत सुटतो. राउटर बदलू का?

राउटरला हात लावू नका, आधी फोन बघा. स्टेशनच्या स्वतःच्या वायफायवर इंटरनेट नसतं. फोन हुशार असतो. ‘इथे इंटरनेट नाही’ म्हणत तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि ॲप हवेत लोंबकळतं. मोबाइल डेटा बंद करा, किंवा फोन विचारतो तेव्हा ‘तरीही जोडलेलं राहा’ निवडा.

तेवढ्याने भागलं नाही तर बॅटरी सेव्हर. स्क्रीन विझली की बरेच फोन ॲप झोपवतात. इंजिन ड्रायव्हरला बॅटरीच्या निर्बंधातून वगळा. व्हीपीएन असेल तर बंद करा.

घरच्या राउटरवर असाल तर आणखी दोन गोष्टी. ईएसपी८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. राउटर ५ वरच ठेवला असेल तर बोर्डाला तो दिसणारच नाही. आणि पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क वापरत असाल तर त्यावरची उपकरणं मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात. फोन जोडलेला, बोर्ड जोडलेलं, पण ओळख नाही.

मी एक अख्खा रविवार राउटर या भिंतीवरून त्या भिंतीवर हलवण्यात घालवला. दोष बॅटरी सेव्हरचा निघाला. बायकोने तो पाच मिनिटांत शोधला, ती गोष्ट वेगळी.

९. चालत्या गाडीत वायफाय गेलं तर गाडी थांबते की पळतच राहते?

मूळ डीसीसीच्या स्वभावाप्रमाणे ती पळत राहते. कमांड स्टेशन शेवटचा हुकूम परत परत रुळांवर पाठवत राहतं. हुकूम देणारा निघून गेला हे त्याला कळायचं कारण नाही.

म्हणून वायथ्रॉटलच्या पद्धतीत ‘हार्टबीट’ ठेवला आहे. फोन दर काही सेकंदांनी ‘मी आहे’ असं कळवतो. ठरलेल्या वेळात ते आलं नाही तर सर्व्हर त्या फोनची इंजिनं थांबवतो. जेएमआरआयमध्ये हा कालावधी तुम्हाला ठरवता येतो. फार कमी ठेवलात तर वायफायच्या छोट्याशा उचकीलाही गाडी गचकन थांबेल, फार जास्त ठेवलात तर ती फळीच्या टोकापर्यंत पोचेल. मी दहा सेकंद ठेवले आहेत. तुमच्या यार्डाच्या शेवटच्या बफरपर्यंत सावकाश गाडीला किती सेकंद लागतात ते मोजा आणि त्याहून कमी ठेवा.

ही सोय चालू आहे असं गृहीत धरू नका. गाडी सावकाश चालू ठेवून फोनचं वायफाय हाताने बंद करा आणि बघा. माझ्याकडे पाहुण्यांसमोर पहिल्यांदा कळलं की ती बंद होती.

१०. मध्येच कोणाचा कॉल आला तर?

ॲप मागे जातं, स्लायडर नाहीसा होतो, गाडी चालूच. इंजिन ड्रायव्हरमध्ये कॉल आल्यावर गाडी थांबवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. त्याहून सोपं म्हणजे फ्लाइट मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवा, किंवा सिम नसलेला फोन वापरा.

११. लाईट जाऊन आली की काय होतं ओ? आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसातून दोनदा तरी जाते.

गाड्या जागेवर थांबतात, त्याचं काही नाही. त्रास परत आल्यावर होतो. राउटरला जागं व्हायला एक-दोन मिनिटं लागतात, कमांड स्टेशन काही सेकंदांत उठतं, राउटर शोधतं, सापडत नाही. मग फोन ओरडतो. राउटर पूर्ण सुरू झाल्यावर स्टेशन बंद करून परत चालू करा. राउटरला छोटा यूपीएस लावलात तर हा प्रश्नच मिटतो. रास्पबेरी पाय वापरत असाल तर त्यालाही तो लावा, नाहीतर अचानक वीज गेल्याने एखाद्या दिवशी त्याचं मेमरी कार्ड बिघडतं. रुळांना यूपीएसची गरज नाही.

वीज परत आल्याबरोबर एखादं इंजिन आपोआप सुसाट सुटतं, हे भुताटकीसारखं वाटतं. बऱ्याच डिकोडरमध्ये डीसीवरही चालायची सोय चालू असते. रुळांवर क्षणभर सरळ डीसी दिसला की त्याला वाटतं आपण जुन्या सेटवर आहोत, आणि तो पूर्ण वेगाने निघतो. सीव्ही २९ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरची नंबर दिलेली सेटिंग) ही सोय बंद करा. नेहमीची किंमत ६ असेल तर २ करा, लांब पत्त्यासाठी ३८ असेल तर ३४.

एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या खोलीत दुपारी सगळं मंद होतं, अशीही तक्रार येते. मोटर शील्डची चिप गरम होते. रास्पबेरी पाय ८० अंशांना पोचला की स्वतःच सावकाश होतो. दोन्ही बंद डब्यात कोंडू नका, वर छोटा पंखा लावा. किंवा दुपारी झोपा.

१२. गाडी अडखळत चालते, सिग्नल कमी पडतो. जास्त अँटेनांचा राउटर घेऊ?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर जवळजवळ नेहमी ‘रूळ पुसा’ हेच.

ओळखायचं असं. इंजिनाचा हेडलाइट बघा. गाडी अडखळताना दिवाही लुकलुकतो का? मग वीज चाकांपर्यंत पोचत नाही, हवेतल्या सिग्नलचा काही संबंध नाही. दिवा स्थिर, ॲप मात्र ‘जोडणी तुटली’ दाखवतं? मग प्रश्न ८. वायफाय गेल्याने गाडी एकतर चालू राहते किंवा थांबते. अडखळत नाही.

सोलापुरात रुळांचे खास शत्रू दोन आहेत. एक कोरडी धूळ, ती गच्चीवरून येतेच. दुसरा आपल्याच घरातला. धुळीपासून वाचवायला म्हणून लोक लेआउटवर सोलापुरी चादर टाकतात. दिसते छान, पण नवीन चादरीचे कापसाचे बारीक तंतू गळतात, रुळांवरच्या तेलकट थराला चिकटतात आणि चाकांच्या आसाभोवती गुंडाळले जातात. माझ्या एका डब्याच्या आसावरून मी चिमट्याने एवढा कापूस काढला की वात वळली असती. प्लॅस्टिकची शीट टाका, किंवा बरीच वर्षं धुतलेली चादर घ्या. शेंगाचटणी खाऊन, हात न धुता डबा रुळावर ठेवणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनतंतूचं फडकं. सँडपेपर नको, त्याने पडलेल्या ओरखड्यांत घाण जास्त बसते. इंजिनाची चाकंही पुसा. नुसते रूळ पुसून उपयोग नाही, चाकं घाण परत आणतात.

पुसूनही ठराविक जागीच अडखळत असेल तर फीडर कमी आहेत. रुळांखालून जाडसर मुख्य वायर आणि साधारण दर मीटरला तिच्यापासून वर आलेली बारीक वायर, असं पाहिजे. रुळांच्या जॉइनरवर विसंबू नका. चाचणीसाठी स्टेशनपासून सगळ्यात लांबच्या जागी दोन रुळांवर एक नाणं आडवं ठेवा. स्टेशनने लगेच वीज तोडली पाहिजे. तोडली नाही तर तुमचं वायरिंग कमजोर आहे, आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी डब्याचं प्लॅस्टिक वितळेल.

१३. माझ्या डब्ल्यूएपी-७ चा खरा नंबर पाच आकडी आहे, ३० हजारांच्या पुढचा. ॲप घेतच नाही!

घेणार नाही. डीसीसीचा लांब पत्ता १०२३९ पर्यंतच जातो, आणि बऱ्याच सेटवर तर ९९९९ पर्यंतच. भारतीय विजेच्या इंजिनांचे नंबर पाच आकडी, म्हणून आपण सगळे शेवटचे चार आकडे टाकतो. दोन इंजिनांचे शेवटचे चार सारखे आले तर एकाचा मालक चिडतो, बाकी काही नाही.

खरा चकवा लहान नंबरांत आहे. १ ते १२७ हा आखूड पत्ता, त्यापुढचा लांब. शेवटचे चार आकडे ००४७ असतील तर काही सेट तो लांब ४७ समजतात आणि काही आखूड ४७. डिकोडरसाठी हे दोन वेगळे पत्ते आहेत. एका मित्राकडे चालणारं इंजिन तुमच्याकडे मेल्यासारखं उभं राहिलं तर आधी हे तपासा. १२७ पेक्षा मोठाच नंबर निवडा आणि सुखी राहा. नवा डिकोडर ३ नंबरवर येतो. दोन नवी इंजिनं एकदम रुळांवर ठेवलीत तर दोन्ही एकदम निघतील, म्हणून पहिलं पत्ता बदलण्याचं काम प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सेटिंग बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) एकेकटं ठेवून करा.

१४. घाटासाठी दोन-तीन इंजिनं एकत्र कशी चालवायची? कर्जतला मागून बँकर लावतात तसं करायचंय.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून परत येताना अनेकांनी खिडकीतून ऐकलेलं दृश्य आहे हे. कर्जतला मागे बँकर लागतात आणि लोणावळ्यापर्यंत १:३७ चा चढ ढकलतात. मॉडेलवर दोन वाटा आहेत. एक, ॲपमध्येच दोन इंजिनं एका थ्रॉटलवर घ्यायची. ॲप दोघांना वेगवेगळा हुकूम पाठवतं. सोडवणं सोपं, लोणावळ्याला बँकर कापता येतो. दुसरी, डिकोडरच्या सीव्ही १९ मध्ये समान पत्ता लिहायचा. ती जोडी फोन बदलला तरी टिकते. पण नंतर आपण विसरतो, आणि सहा महिन्यांनी ते इंजिन स्वतःच्या नंबरला उत्तर देत नाही म्हणून मला फोन येतो. सीव्ही १९ मध्ये शून्य लिहा, सुटेल.

कुठलीही वाट घ्या, आधी दोन्ही इंजिनांचे वेग जुळवा: सीव्ही २, ५ आणि ६. नाहीतर मागचं पुढच्याला ढकलत वळणावर डबे बाहेर काढेल.

१५. लाल बटण दाबलं तरी इंजिन पुढे सरकलंच. ॲप खोटं आहे का?

लाल बटणं दोन असतात. एक त्या इंजिनाला ‘जागेवर थांब’ सांगतं, दुसरं रुळांची वीज तोडतं. डिकोडरला कीप-अलाइव्ह कपॅसिटर लावला असेल तर वीज तोडल्यावरही तो साठवलेल्या विजेवर चालत राहतो. त्याला दुसरा हुकूम मिळालेलाच नसतो. सीव्ही ११ मध्ये हुकूम न आल्यास किती वेळाने थांबायचं ते ठरवता येतं. अशा इंजिनासाठी आधी पहिलं बटण. याच कपॅसिटरमुळे प्रोग्रामिंग ट्रॅकवर कधीकधी सीव्ही वाचला जात नाही. वाचण्यापुरता तो सोडवून ठेवा.

१६. बार्शी लाइटच्या छोट्या इंजिनात काही बसतच नाही. बॅटरी घालून रूळच बिनविजेचे केले तर?

बार्शी लाइट माझ्याही जिव्हाळ्याची. १८९७ मध्ये सुरू झालेली ही गाडी ७६२ मिमी गेजची होती. ८७ ने भागलं की पावणेनऊ मिमी येतं, म्हणून एन स्केलचे ९ मिमीचे रूळ जवळजवळ बरोबर बसतात. ब्रॉडगेजला मात्र त्याच हिशेबाने सव्वाएकोणीस मिमी लागतात आणि आपण सगळे १६.५ वर चालवून डोळेझाक करतो.

आता बॅटरी. इंजिनात बॅटरी आणि रिसीव्हर, रुळांत वीज नाही, याला डेड रेल म्हणतात. प्रश्न १२ पूर्ण नाहीसा होतो, कारण रूळ घाण असले तरी फरक पडत नाही. पण बॅटरीला जागा लागते. बागेतल्या मोठ्या मॉडेलला हे फार छान, ९ मिमीच्या इंजिनाला जवळजवळ अशक्य. त्यात लिथियम बॅटरी चार्ज करण्याची जबाबदारी, आणि आपल्या उन्हाळ्यात ती सांभाळण्याची.

नॅरोगेजला मी वेगळं केलं. डिकोडर इंजिनामागच्या बंद मालडब्यात ठेवला, मधून चार पातळ वायरी, दोन मोटरला आणि दोन रुळांच्या विजेसाठी. डब्याच्या चाकांवरूनही वीज घेतली, म्हणजे पकड दुप्पट. डबा आणि इंजिन कायमचे जोडलेले, दिसायला वाईट नाही.

१७. अमेरिकेतला मेहुणा त्याचा जुना रेडिओ थ्रॉटल पाठवतोय. घेऊ का?

आधी त्याचा मॉडेल नंबर मागवा. वायफायवाला किंवा २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर ही पट्टी भारतात परवान्याशिवाय वापरता येते. पण अमेरिकेतल्या काही कंपन्यांचे थ्रॉटल ९१६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. आपल्याकडे त्या बाजूची परवानामुक्त पट्टी ८६५ ते ८६८ आहे. ९१६ तिच्यात येत नाही. तो थ्रॉटल वायर लावून वापरा, हवेत सोडू नका. शिवाय प्रश्न ४ मधला भाषेचा मुद्दा आहेच. मेहुण्याला डिकोडर पाठवायला सांगा, ते कधीही उपयोगी पडतात.

१८. स्क्रीनवर बोट घसरवून मजा येत नाही. खरा नॉब मिळेल का?

मिळतो आणि बनवताही येतो. ईएसपी३२ बोर्ड, छोटा ओएलईडी डिस्प्ले, अंकांचा कीपॅड आणि फिरता एन्कोडर एवढ्यात विटकंट्रोलर नावाचा खुला प्रकल्प उभा राहतो. तो वायथ्रॉटलच्याच भाषेत बोलतो, म्हणजे स्टेशनला तो आणखी एक फोनच वाटतो. डबी मी फरसाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याची केली. नॉब हातात आला की वेग अगदी एकेक पायरीने वाढवता येतो, नजर गाडीवरून हलत नाही. वायरलेसची खरी गंमत मला इथेच कळली.

१९. एकाच इंजिनावर दोन फोन आले तर कोणाचं ऐकतं?

डीसीसी-ईएक्सवर शेवटचा हुकूम ज्याचा, त्याचं. काही कंपन्यांची स्टेशनं दुसऱ्याला आधी ‘हिसकावून घेऊ की वाटून घेऊ’ असं विचारतात. लहान मुलं असतील तर ‘शेवटचा हुकूम’वाली पहिली पद्धत टाळा. आणि ईएसपी८२६६ चार-पाच फोनांपलीकडे जात नाही, सहावा आला की त्याला नकार मिळतो. जास्त माणसं असतील तर राउटर आणि जेएमआरआय.

२०. शाळेच्या प्रदर्शनात घरी चालणारं सगळं बंद पडलं. का?

गर्दी. प्रत्येकाच्या खिशातला फोन २.४ वर काहीतरी शोधत असतो. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सकाळी गर्दीआधी नाही, गर्दी असताना फोनवरच्या एखाद्या वायफाय ॲपने बघा आणि त्यातला सगळ्यात मोकळा निवडा. स्वतःचा छोटा राउटर न्या, पासवर्ड बदललेला, आणि तो लेआउटच्या फळीवरच ठेवा. जेएमआरआय वापरत असाल तर फोन आणि राउटर ५ गिगाहर्ट्झवर न्या, संगणक राउटरला वायरने जोडा. तिथे गर्दी खूपच कमी असते.

आणि एक वायरचा थ्रॉटल पिशवीत ठेवाच. गड्डा जत्रेच्या दिवसांत इथल्या होम मैदानावर जेवढी माणसं असतात तेवढ्यांत कुठलंही वायफाय शरण जाईल.

२१. येऊन बघता येईल का?

हो, या की. रविवारी सकाळी, उन्हाच्या आत. फोनमध्ये इंजिन ड्रायव्हर टाकून आणा, मोबाइल डेटा बंद करा. नाश्ता आधी करा, आणि वर यायच्या आधी हात साबणाने धुवा.